एसएसडी बसवली आणि नेट गेलं: लिनक्सवर इंटरफेसची नावं सरकतात तेव्हा

समजा, नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या ठोक दुकानाच्या पोटमाळ्यावर एक लिनक्स मशीन ठेवलेली आहे. मदरबोर्डवरच्या रिअलटेक पोर्टमधून एक वायर स्विचला जाते आणि त्या स्विचवर काउंटरच्या चार बिलिंग मशीन आहेत. वेगळं बसवलेलं इंटेलचं कार्ड फायबरच्या डब्याला जोडलेलं आहे. मशीन हळू चालते म्हणून कोणीतरी रविवारी त्यात एनव्हीएमई एसएसडी बसवतं. सोमवारी सकाळी दुकान उघडतं तेव्हा नेट नाही, बिलिंग नाही, सर्व्हर पिंगलाही उत्तर देत नाही. मॉनिटर जोडून बघावं तर मशीन व्यवस्थित सुरू आहे आणि दोन्ही पोर्टचे दिवेही लुकलुकतायत.

काहीही जळालेलं नाही. फक्त इंटरफेसची, म्हणजे लिनक्सने प्रत्येक नेटवर्क पोर्टला दिलेली, नावं एका घराने पुढे सरकली आहेत.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. या लेखातल्या कमांड, फाइलींची नावं आणि इंटरफेसची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. जिथे कॅपिटल अक्षराने फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

नाव येतं कुठून

कर्नल (लिनक्सचा गाभा) पूर्वीपासून ज्या पद्धतीने नाव देतो ती शाळेतल्या रोल नंबरसारखी आहे. ज्या कार्डाचा ड्रायव्हर आधी हजर झाला ते ईटीएच०, त्यानंतरचं ईटीएच१. एकच पोर्ट असेल तर यात काही बिघडत नाही. दोन असतील आणि ड्रायव्हर एकाच वेळी लोड होत असतील तर आज पहिला आलेला उद्या दुसरा येऊ शकतो. यावर पहिला उपाय होता तो मॅक अ‍ॅड्रेस टिपून ठेवण्याचा; मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेला क्रमांक. यूडेव (उपकरणं ओळखून त्यांना नावं देणारा सिस्टमचा भाग) ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स नावाची फाइल स्वतःच लिहायचा आणि कार्ड बदललं की नवं कार्ड ईटीएच१ व्हायचं. व्हर्च्युअल मशीनची कॉपी काढली तरी तेच व्हायचं. २०११ साली फेडोरा १५ मध्ये डेलच्या इंजिनिअरांनी लिहिलेलं बायोसडेव्हनेम आलं आणि ईएम१, पी१पी१ अशी नावं दिसू लागली. पुढे जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (मशीनच्या सगळ्या सेवा चालवणारा प्रोग्राम, यूडेव आता त्याचाच भाग) १९७ व्या आवृत्तीत आजची पद्धत आली. रेड हॅट ७, उबुंटू १५.१० आणि डेबियन ९ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये हीच दिसते.

या पद्धतीत नाव हजेरीवरून पडत नाही, बाकावरून पडतं. ईएन म्हणजे इथरनेट, डब्ल्यूएल म्हणजे वायफाय, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे मोबाइल डेटाचं मोडेम. त्यापुढचं अक्षर जागा कशी ओळखली ते सांगतं. ईएनओ१ म्हणजे मदरबोर्डवरचं पोर्ट, ज्याचा क्रमांक बायोसने दिला. ईएनएस१ म्हणजे हॉटप्लग स्लॉटच्या क्रमांकावरून पडलेलं नाव, व्हर्च्युअल मशीनवर हे बरंच दिसतं. ईएनपी३एस० म्हणजे पीसीआय (मदरबोर्डला कार्डं जोडणारी व्यवस्था) बस ३, डिव्हाइस ०. ईएनएक्सच्या मागे बारा अक्षरं असली तर तो मॅक अ‍ॅड्रेस. सिस्टमडी ऑनबोर्ड, स्लॉट, पाथ या क्रमाने प्रयत्न करतो आणि जे आधी जमेल ते नाव देतो.

इथे एक जागा फसवणारी आहे. एलएसपीसीआय बसचा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये दाखवतं, इंटरफेसचं नाव मात्र दशमानात असतं. एलएसपीसीआयमध्ये १०:००.० दिसणारं कार्ड ईएनपी१६एस० या नावाने येतं, ईएनपी१०एस० या नावाने नाही. सर्व्हरवर बस क्रमांक मोठे असतात, तिथे ही चूक हमखास होते.

बाकाचा क्रमांक का बदलतो

लोकांचा गैरसमज असा की पीसीआयचा क्रमांक मदरबोर्डवर छापलेला असतो. तसं नाही. दर वेळी मशीन सुरू होताना बायोस एकेक पूल (एका पीसीआय बसवरून पुढच्या बसकडे नेणारी जोडणी) तपासत जातो आणि त्यामागे काही सापडलं की पुढचा बस क्रमांक देतो. रिकाम्या एम.२ खाचेमागचा पूल बरेचदा बंदच ठेवलेला असतो. तिथे एसएसडी आली की तो जागा होतो, एक क्रमांक खातो आणि त्यामागचे सगळे एकाने सरकतात.

आपल्या दुकानात रिअलटेक ईएनपी२एस० होतं आणि इंटेल ईएनपी३एस०. एसएसडीने बस २ घेतली. रिअलटेक झालं ईएनपी३एस० आणि इंटेल झालं ईएनपी४एस०.

आता नीट बघा. ईएनपी३एस० हे नाव अजूनही आहे, फक्त ते दुसऱ्याच पोर्टचं आहे. नाव गायब झालं असतं तर एरर तरी आली असती. इथे फायबरकडची सेटिंग निमूटपणे स्विचकडच्या पोर्टला लागते आणि मशीन दुकानाच्या आतल्या नेटवर्कमध्येच आयपी मागत बसते. ईएनपी२एस० साठी ठेवलेला १९२.१६८.१.१ कुणालाच मिळत नाही. ईएनपी४एस० कडे तर कोणी बघतही नाही. सरकलेलं नाव हे हरवलेल्या नावापेक्षा वाईट, म्हणून पोर्ट कोणतं याची खात्री केल्याशिवाय एकही फाइल बदलू नका.

एसएसडीशिवाय हेच घडवणाऱ्या गोष्टी: ग्राफिक्स कार्ड घालणं किंवा काढणं, बायोस अपडेट, बायोसची बॅटरी संपून सेटिंग मूळपदावर येणं, आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये जाणं. हा शेवटचा प्रकार नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर जास्त. कूलर लावण्याआधी मशीन उघडून धूळ झटकतात, कार्ड काढून पुसतात आणि शेजारच्या स्लॉटमध्ये बसवून मोकळे होतात. बसवणाऱ्याच्या लेखी काहीच बदललेलं नसतं.

कोणतं पोर्ट कोणतं, हे आधी ठरवा

मशीनसमोर बसा. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे) हे काम करू नका, त्याबद्दल पुढे येईलच. पहिली कमांड:

आयपी -बीआर लिंक

एका ओळीत एक इंटरफेस, त्याची अवस्था आणि मॅक अ‍ॅड्रेस दिसतो. मग कर्नलने काय केलं ते बघा:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय रीनेम्ड

इथे 'आर८१६९ ००००:०३:००.० ईएनपी३एस०: रीनेम्ड फ्रॉम ईटीएच०' अशी ओळ मिळते. एका ओळीत सगळी कुंडली आहे: सुरुवातीला ड्रायव्हर, मग पीसीआयचा पत्ता, मग आत्ताचं नाव आणि शेवटी कर्नलने दिलेलं नाव. आर८१६९ हा रिअलटेकचा ड्रायव्हर, आयजीबी किंवा ई१०००ई हे इंटेलचे. दोन पोर्ट वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर ओळख इथेच पटते.

एकाच कंपनीचे असतील तर पोर्टचा दिवा लुकलुकवून बघा:

सुडो ईटीएचटूल -पी ईएनपी३एस० १०

यातला पी छोटा. दहा सेकंद त्या पोर्टचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो. कॅपिटल पी दिला तर दिवा नाही, कार्डाचा मूळ मॅक अ‍ॅड्रेस दिसतो. तोही लागणारच आहे, वहीत उतरवून घ्या. स्वस्त कार्डांचे ड्रायव्हर दिव्याची सोय देत नाहीत आणि 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणतात. मग जुना उपाय: एका टर्मिनलवर 'आयपी मॉनिटर लिंक' चालू ठेवा आणि एकेक वायर काढून लावा. ज्याची ओळ हलली ते पोर्ट ते.

गिऱ्हाईक काउंटरवर उभं असेल तर

कायमची दुरुस्ती करायला अर्धा तास लागतो आणि सोमवारी सकाळी तो नसतो. तोवर नव्या नावांना जुनी नावं देऊन मशीन चालू करता येते. हे फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकतं.

क्रम महत्त्वाचा आहे. ईएनपी४एस० ला आधी ईएनपी३एस० करायला गेलात तर ते नाव अडलेलं असल्याने 'फाइल एक्झिस्ट्स' असं उत्तर येतं. आधी खालचं घर मोकळं करायचं:

सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० डाउन
सुडो आयपी लिंक सेट ईएनपी४एस० डाउन
सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० नेम ईएनपी२एस०
सुडो आयपी लिंक सेट ईएनपी४एस० नेम ईएनपी३एस०

त्यानंतर नेटवर्किंग, फायरवॉल आणि डीएचसीपी (आयपी वाटणारी) या सेवा याच क्रमाने रीस्टार्ट करा. दुकान सुरू होतं. संध्याकाळी शटर पडल्यावर खरं काम.

कायमचा इलाज: कामावरून नाव

आमचं मत स्पष्ट आहे. दोन किंवा जास्त पोर्ट असलेल्या मशीनवर सिस्टमडीने दिलेलं नाव कोणत्याही सेटिंगमध्ये लिहूच नका. पोर्ट जे काम करतं त्यावरून स्वतः नाव द्या, आतल्या नेटवर्कचं लॅन० आणि बाहेरच्या नेटचं वॅन०. सगळ्या सेटिंगमध्ये तीच वापरा आणि कोणतं कार्ड म्हणजे लॅन० ही गोष्ट फक्त एका फाइलीत ठेवा. पुढे कार्ड बदललं तर एका फाइलीतली एक ओळ बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क/ या फोल्डरमध्ये १०-लॅन०.लिंक नावाची फाइल करा. आत चार ओळी (मॅकच्या जागी वहीत उतरवलेला मॅक):

[मॅच]
परमनंटमॅकअ‍ॅड्रेस=५२:५४:००:१२:३४:५६
[लिंक]
नेम=लॅन०

मॅच, लिंक आणि नेम यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. परमनंटमॅकअ‍ॅड्रेसमध्ये परमनंटचा पी, मॅकची तिन्ही अक्षरं आणि अ‍ॅड्रेसचा ए कॅपिटल, मध्ये जागा सोडायची नाही. लॅन० मात्र छोट्या अक्षरांत. कॅपिटल चुकलं तर सिस्टमडी ती ओळ सोडून देतो आणि लॉग उघडल्याशिवाय ते कळत नाही. वॅन० साठी अशीच १०-वॅन०.लिंक.

नुसतं मॅकअ‍ॅड्रेस न लिहिता परमनंट का? ब्रिज (अनेक पोर्ट जोडणारा आभासी स्विच) आणि व्हीलॅन (एकाच वायरीवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आपल्या खालच्या कार्डाचा मॅक उचलतात. मग एकाच मॅकचे दोन-तीन इंटरफेस होतात आणि भलत्याच इंटरफेसला नाव लागायचा धोका असतो. परमनंट म्हणजे कार्डात कोरलेला. ही सोय सिस्टमडी २४५ पासून आहे. त्याहून जुनी सिस्टम असेल तर मॅकअ‍ॅड्रेस लिहा आणि खाली 'टाइप=ईथर' ही ओळ जोडा.

फाइलीच्या नावातला १० हा आकडा शोभेचा नाही. सिस्टमडी या फाइली नावाच्या क्रमाने वाचतो आणि पहिली जुळली की थांबतो. मूळची फाइल ९९-डीफॉल्ट.लिंक आहे, आपली तिच्या आधी यायला हवी. डेबियनवर यूएसबी कार्डांसाठी ७३ ने सुरू होणारी आणखी एक असते, तिच्याही आधी.

नाव निवडताना ईटीएच०, ईटीएच१ ही नावं टाळा. कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो. यूडेव आणि कर्नल यांची ओढाताण होते, कधी जमतं, कधी नाही. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, व्हीलॅन करणार असाल तर आणखी लहान. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टम) असेल तर नाव ईएनने सुरू होणारं ठेवा, नाहीतर त्याच्या वेबपानावर ते कार्ड म्हणून ओळखलं जात नाही.

रीबूट करण्याआधी तपासा:

सुडो यूडेवएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक /एसवायएस/क्लास/नेट/ईएनपी३एस०

उत्तरात आपल्या फाइलीचं नाव दिसायला हवं. ९९-डीफॉल्ट दिसत असेल तर मॅक चुकलाय किंवा कॅपिटल.

मग हमखास विसरली जाणारी पायरी. यूडेव हार्ड डिस्क उघडण्याआधीच, इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी फाइलसिस्टम) चालू होतो आणि तिथल्या स्वतःच्या प्रतीतल्या फाइली वाचतो. कार्डाचा ड्रायव्हर तिथेच लोड झाला तर नाव तिथेच पडतं आणि नंतर ते जसंच्या तसं ठेवलं जातं. म्हणून डेबियन आणि उबुंटूवर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', रेड हॅटच्या घराण्यात 'सुडो ड्रॅकट -एफ'. 'फाइल बरोबर आहे पण नाव बदलत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

उबुंटूवर नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग लिहायची तिथली पद्धत) वापरत असाल तर वेगळी लिंक फाइल करू नका. नेटप्लॅनमध्येच 'मॅच' खाली 'मॅकअ‍ॅड्रेस' आणि त्यासोबत 'सेट-नेम' लिहा, लिंक फाइल तो स्वतः तयार करतो. दोन्हीकडे लिहिलं की पुढे कोणती जिंकली ते शोधत बसावं लागतं. इथे ही अक्षरं सगळी छोटी. 'नेटप्लॅन ट्राय' ही कमांड १२० सेकंद थांबते आणि तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत आणते. पण नाव बदलण्यासाठी तिच्यावर विसंबू नका, रीबूटच करा.

जुनं नाव आणखी कुठे लिहिलंय

सुडो ग्रेप -आरएन -ई ईएनपी२एस० -ई ईएनपी३एस० /ईटीसी

ही कमांड जे दाखवेल त्यातली एकेक ओळ बदला. डेबियनमध्ये /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस ही मुख्य फाइल, त्यात ऑटो आणि आयफेस या दोन्ही ओळी. रेड हॅट ९ मध्ये नेटवर्कमॅनेजरची प्रोफाइल, ती हाताने उघडण्यापेक्षा कमांडने बदलावी:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय दुकान कनेक्शन.इंटरफेस-नेम लॅन०

यातला 'दुकान' हा शब्द म्हणजे तुमच्या प्रोफाइलचं नाव. नेटवर्कमॅनेजरची एक लबाडी ध्यानात ठेवा. प्रोफाइलमधलं नाव सापडलं नाही तर तो गप्प बसत नाही, 'वायर्ड कनेक्शन १' अशी नवी प्रोफाइल बनवून डीएचसीपीने आयपी घेतो. मशीनवर नेट चालतं, ब्राउझर उघडतो, म्हणून सगळे म्हणतात सर्व्हर ठीक आहे. आयपी मात्र बदललेला असतो आणि काउंटरच्या मशीनना तो सापडत नाही. अशा वेळी प्रिंटर आणि स्विचवर तासभर जातो.

सगळ्यात जास्त वेळ फायरवॉलवर घालवा. आयपीटेबल्सला नसलेल्या इंटरफेसचं नाव दिलं तरी तो तक्रार करत नाही. नियम लोड होतो, कधीच लागू होत नाही. मूळ धोरण ड्रॉप असेल तर सगळं बंद पडतं. एनएफटेबल्समध्ये आयआयएफ आणि आयआयएफनेम असे दोन शब्द आहेत. आयआयएफनेम प्रत्येक पाकिटाच्या वेळी नाव जुळवतो. आयआयएफ मात्र नियम लोड होताना नावाचा अंतर्गत क्रमांक शोधून ठेवतो, आणि ते नाव त्या क्षणी नसेल तर एरर येते. एनएफटी पूर्ण फाइल एकदम लोड करतो किंवा अजिबात करत नाही. म्हणजे एका नावामुळे सगळी फाइल नाकारली जाते आणि मशीन फायरवॉलशिवाय उघडी राहते. शिवाय नेट चालू असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आयआयएफ असलेल्या सगळ्या ओळी आयआयएफनेम करून घ्या आणि रीबूटनंतर 'सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट' न चुकता बघा. उत्तर रिकामं आलं तर फायबरची वायर आधी काढा, मग विचार करा.

उरलेली ठिकाणं: डीएनएसमास्कची इंटरफेस ओळ, सांबाची इंटरफेसेस ओळ, /ईटीसी/डीफॉल्ट खालची डीएचसीपी सर्व्हरची फाइल, सिसकंट्रोलमधल्या इंटरफेसच्या नावाच्या ओळी, डॉकरचं मॅकव्हीलॅन, ब्रिजची पोर्टं. /ईटीसी बाहेर रूटच्या क्रॉनटॅबमधल्या आणि /ऑप्ट किंवा /यूएसआर/लोकल मधल्या स्क्रिप्ट. काही जुनी लायसन्स सॉफ्टवेअर ईटीएच० याच नावाचा मॅक वाचतात. तेवढ्यासाठी सगळी व्यवस्था मागे नेऊ नका, ते सॉफ्टवेअर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर हलवा.

नवीन कर्नलमध्ये एका इंटरफेसला पर्यायी नावंही देता येतात. 'आयपी लिंक' च्या उत्तरात 'ऑल्टनेम' अशी ओळ दिसते ती हीच. आयपी कमांड ही नावं ओळखते, आयआयएफनेम ओळखत नाही. त्यामुळे फायरवॉल चालवायला पर्यायी नाव हा तोडगा नाही.

आता रीबूट. बूट होताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं लिहून मशीन अडली तर घाबरू नका. एखाद्या फाइलीत जुनं नाव राहिलंय आणि सिस्टम त्या पोर्टची वाट बघतेय. सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर दोन मिनिटं, डेबियनची जुनी पद्धत असेल तर पाच. थांबा, ती पुढे जाते.

अपग्रेडनंतर बदललेली नावं

हार्डवेअरला हात न लावताही नाव बदलतं. सिस्टमडी नाव ठरवण्याचे नियम आवृत्तीगणिक सुधारत असतो आणि प्रत्येक संचाला क्रमांक देतो. डेबियन ११ मध्ये सिस्टमडी २४७ होता, डेबियन १२ मध्ये २५२. कर्नलची बाजू वेगळी. एखाद्या ड्रायव्हरने पोर्टचा क्रमांक सांगायला सुरुवात केली की नावाला शेपूट फुटतं. इंटेल एक्स७१० कार्डांचं असंच झालं, ईएनपी२एस०एफ० होतं ते नव्या कर्नलवर ईएनपी२एस०एफ०एनपी० झालं.

पॅकेज अपग्रेड झाल्यावर पण रीबूटच्या आधी हे चालवा:

सुडो यूडेवएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_आयडी /एसवायएस/क्लास/नेट/ईएनपी३एस०

नवा यूडेव कोणती नावं देणार ते इथेच दिसतं. कर्नलमुळे होणारा बदल मात्र यात दिसत नाही. जुनेच नियम हवे असतील तर कर्नलच्या ओळीत 'नेट.नेमिंग-स्कीम=व्ही२४७' लिहिता येतं. लिंक फाइली आधीच केल्या असतील तर यातलं काहीच करावं लागत नाही.

सगळं बंद करून ईटीएच० परत आणावं का? /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये 'नेट.आयएफनेम्स=०' जोडायचं, 'अपडेट-ग्रब' चालवायचं, झालं. एकच पोर्ट असलेल्या मशीनवर खुशाल करा. दोन पोर्टांवर केलंत तर २०१३ च्या आधीचा सगळा गोंधळ विकत घेतलात.

एकच पोर्ट असेल तर त्याहून सोपं आहे. नाव लिहूच नका. राउटरवर त्या मॅकसाठी आयपी राखून ठेवा आणि मशीनवर डीएचसीपी, नेटप्लॅनमध्ये 'मॅच' खाली 'नेम: "ईएन*"'. मशीन कोणत्याही नावाने उठली तरी तोच आयपी घेते. कोचिंग क्लासच्या लॅबमध्ये वीस-पंचवीस मशीन असतात, तिथे यापेक्षा दुसरं काही करू नये.

मशीन बुटीबोरीला, तुम्ही सीताबर्डीत

एसएसएचने हे करायचंच असेल तर परतीची वाट आधी बांधा. जुन्या फाइलींची एक प्रत ठेवा. ती प्रत जागेवर टाकून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवणारी आणि रीबूट करणारी स्क्रिप्ट लिहा. ती बूटनंतर पंधरा मिनिटांनी चालेल अशा टायमरवर लावा. बूटनंतर, हे महत्त्वाचं, कारण 'सिस्टमडी-रन' किंवा 'शटडाउन' ने लावलेला टायमर रीबूटबरोबर पुसला जातो आणि नाव बदलतं तेही रीबूटलाच. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम खाली 'ऑनबूटसेक=१५मिन' असलेला टायमर युनिट करून चालू ठेवा. लॉगिन झालं की तो बंद करा. विसरलात तर पंधराव्या मिनिटाला चालू मशीन स्वतःच मागे जाईल. स्क्रिप्टमध्ये रीबूटच्या आधी टायमर बंद करायची ओळही हवी, नाहीतर ती दर पंधरा मिनिटांनी रीबूट करत राहील. याहून चांगली गोष्ट म्हणजे तिथे कोणीतरी मॉनिटर जोडून फोनवर असणं. नाहीतर पंचवीस-तीस किलोमीटर गाडी काढावी लागतेच.

वीज पडून पोर्ट गेलं तर

मृगाच्या आधीच्या वादळात मदरबोर्डवरचं पोर्ट जाणं ही इथली नेहमीची गोष्ट. डेबियन आणि उबुंटूवर तात्पुरतं यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टर लावलं की ईएनएक्स आणि बारा अक्षरं असं नाव येतं, म्हणजे बरोबर १५. मर्यादा तेवढीच असल्याने त्यावर व्हीलॅन करायला गेलात तर '.१०' लावायला जागाच उरत नाही आणि कमांड नाकारली जाते. १०-लॅन०.लिंक मध्ये अ‍ॅडॉप्टरचा मॅक लिहा, इनिटरॅमएफएस बनवा, रीबूट करा. नाव लॅन० आणि बाकी सगळं जसंच्या तसं. मोबाइलचं यूएसबी टेदरिंग मात्र या पद्धतीत बसत नाही, कारण बरेच फोन दर वेळी नवा मॅक देतात. तिथे मॅकऐवजी ड्रायव्हरवरून जुळवा, 'ड्रायव्हर=आरएनडीआयएस_होस्ट'. ड्रायव्हरचा डी कॅपिटल, पुढचं सगळं छोटं. फोनप्रमाणे ड्रायव्हर वेगळा असू शकतो, 'ईटीएचटूल -आय' ने आधी बघून घ्या.

ड्रायव्हरवरून जुळवणं आणखी एका ठिकाणी कामाचं आहे. एक मशीन बंद पडली तर तिची डिस्क काढून तशाच दुसऱ्या मशीनमध्ये घालायची, अशी व्यवस्था असेल तर मॅक दोन्हीकडे वेगळे येतात आणि लिंक फाइली निरुपयोगी ठरतात. रिअलटेकला 'ड्रायव्हर=आर८१६९' म्हणजे लॅन०, इंटेलला 'ड्रायव्हर=आयजीबी' म्हणजे वॅन०. अट एकच, त्या ड्रायव्हरचं दुसरं पोर्ट मशीनमध्ये नको.

शेवटी प्रत्येक पोर्टाशेजारी त्याचं नाव आणि मॅकची शेवटची चार अक्षरं लिहून ठेवा. कागदाची चिठ्ठी सेलोटेपने लावू नका, नवतपात गोंद सुकून ती पडते आणि पंख्याखाली जाते. परमनंट मार्करने कॅबिनेटच्या पत्र्यावरच लिहा. धूळ झटकायला येणाऱ्या पोरालाही ते वाचता येतं.